घाटातला उच्छ्वास

खोपोली सोडून जुन्या महामार्गाने बोरघाट चढू लागले की शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि त्या वाटेपायीच त्याचा जीव गेला, अशी कथा या भागात सांगतात. येणारे-जाणारे चालक आजही तिथे नाणे वाहतात. त्या नाण्यात सुखरूप प्रवासाची मागणी आहे, तशी एक कबुलीही आहे: आपली वाट दुसऱ्या कुणाच्या तरी नुकसानीतून गेली आहे. या कबुलीला धर्म म्हणायचे असेल, तर ती देवळाच्या पायरीशी थांबून चालणार नाही. घाट चढताना आपण आज कुणाचे काय नुकसान करतो, इथपर्यंत ती पोचली पाहिजे. म्हणजेच जुन्या टर्बो ट्रकच्या पोटाखाली लोंबणाऱ्या ब्रीदर पाइपपर्यंत.

डिझेल इंजिनात पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या बसल्या तरी दाबाखालचा थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ते नव्या इंजिनातही असते; रिंगा आणि लायनर झिजले की वाढते. टर्बोमुळे सिलिंडरात मुळातच जास्त हवा कोंबली जाते, शिवाय टर्बोच्या सीलमधून निसटलेला वायू तेलाच्या परतीच्या नळीने क्रँककेसमध्येच येतो. भरलेला ट्रक खालच्या गिअरात घाट चढतो तेव्हा हे सारे शिगेला पोचते. या वायूत काजळी असते, पाण्याची वाफ असते, तेलाचे बारीक तुषार असतात. तो बाहेर पडलाच पाहिजे; ब्रीदर पाइप ही त्याचीच वाट. उत्तम कारागिराने बांधलेल्या इंजिनालाही हा उच्छ्वास टळत नाही, आणि इथूनच हा प्रश्न यंत्रापुरता राहत नाही. जो दोष टाळता येत नाही, त्याची जबाबदारी कुणाची?

लोक तीन उत्तरे देतात. पहिले, तोंड दाबायचे. ब्रीदर चोंदला किंवा मुद्दाम बंद केला, की दाब दुसरीकडून वाट काढतो: ऑइल सील गळतात, गेजपट्टीच्या नळीतून तेल वर येते, टर्बोचे परतीचे तेल तुंबते आणि तेच तेल हवेच्या बाजूला झिरपते. दुसरे, रस्त्यावर सोडायचे. जुन्या इंजिनांची रचनाच अशी आहे. उघडी नळी खाली जाते आणि तुषार मागे उडतात. तिसरे उत्तर वरकरणी सज्जनपणाचे, म्हणजे नळी सरळ टर्बोच्या तोंडाला जोडून आपली घाण आपणच गिळायची. पण न गाळता गिळलेले तेल कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आणि इंटरकूलरमध्ये साचते. फार तेल ओढले गेले तर इंजिन त्याच तेलावर पळत सुटते आणि डिझेल तोडले तरी थांबत नाही. दोष नाकारणे, दुसऱ्यावर टाकणे आणि पश्चात्तापाच्या भरात स्वतःला जाळून घेणे, या तिन्ही चुका माणसाच्याही ओळखीच्या आहेत.

इथे कुणी गीतेचा आधार घेईल. अठराव्या अध्यायात कर्माला चिकटलेल्या दोषाला अग्नीबरोबरच्या धुराची उपमा आहे. धूर अटळ असेल तर अपराध कसला? पण तो उपदेश काम टाकून निघालेल्या माणसाला केलेला आहे. दोषाला भिऊन कर्म सोडू नकोस, एवढे तो सांगतो. चुलीचा धूर शेजारच्या घरात सोडायची मुभा तो देत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेफिकिरीला, मध्यवर्ती स्थान आहे. ते इथे नेमके लागू पडते. वायू निसटतो हा रिंगेचा स्वभाव, पण तो कुठे जातो याची फिकीर न करणे हा मालकाचा प्रमाद.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सायलेन्सरच्या धुरापुढे ब्रीदरचे चार थेंब ते काय? एप्रिल २०२० पासूनचे बीएस-सहा निकष नव्या वाहनांना आहेत. हप्ते फेडणाऱ्या जुन्या ट्रकच्या मालकालाच का धरायचे? यात तथ्य आहे. पण दोष लहान आहे एवढ्याने तो दुसऱ्याचा होत नाही. फार तर आधी काय दुरुस्त करायचे, त्याचा क्रम ठरतो. आणि थेंब एकट्याचा नसतो. हजारो गाड्यांचे तेल डांबरावर साचते, पहिल्या पावसात वर येते आणि दुचाकीस्वार घसरतो. उरलेले ओढ्यांतून खोपोलीकडे पाताळगंगेला आणि कर्जतच्या बाजूने उल्हासला मिळते. खर्चाबाबत मात्र आक्षेप मान्य करावा लागेल: ज्याचा माल घाट चढतो, त्याने या खर्चाचा वाटा भाड्यातून उचलावा.

चौथी वाट आहे. ब्रीदरची नळी रुंद ठेवावी आणि सतत चढती न्यावी, कारण मध्ये झोळ पडला तर पाणी व तेल साचून ती तुंबते. मग वायू जाळीच्या डब्यातून गाळावा आणि गाळलेला वायूच दाब राखणाऱ्या झडपेतून टर्बोकडे द्यावा. डबा ठरलेल्या दिवशी रिकामा करावा. ते तेल नाल्यात ओतले तर सारा खटाटोप खोटा ठरेल. वापरलेले तेल कायद्याने घातक कचरा आहे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रियेलाच गेले पाहिजे. या वाटेचा सर्वांत मोठा लाभ नदीला नव्हे, मालकाला आहे. उघड्या नळीचे तेल घाटभर सांडत होते, म्हणून किती जाते ते त्याला कधी कळत नव्हते. आता डब्यातली पातळी महिन्यामहिन्याला वाढताना दिसली, तर रिंगा झिजल्याचे वेळेवर समजते. आपला दोष आपल्यापाशी ठेवणाऱ्यालाच तो मोजता येतो. प्रायश्चित्ताची सुरुवात या मोजण्यातूनच होते.