‘मी मुद्दाम केले नाही’ !

वाहन चालवतांना भ्रमणभाषवर संदेश आला, चालकाने क्षणभर खाली पाहिले आणि समोरच्या दुचाकीस्वाराच्या मांडीचे हाड मोडले. अशा वेळी चालकाच्या तोंडी हमखास एक वाक्य येते, ‘मी मुद्दाम केले नाही.’ ते खरेही असते. मग शिक्षा कशाची ?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ नुसार इतरांच्या जिवाला धोका होईल, असे बेदरकारपणे वाहन चालवणे हाच गुन्हा आहे. कुणाला खरचटलेही नाही, तरी ६ मासांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याच बेपर्वाईने कुणाचे हाड मोडले किंवा डोळा गेला, तर कलम १२५ नुसार ३ वर्षांपर्यंत. जुन्या दंडविधानात ही मर्यादा २ वर्षे होती आणि दंड अवघा १ सहस्र रुपये ! (तेवढ्यात आज प्लास्टरही होत नाही.)

चूक तीच, शिक्षा मात्र परिणामानुसार. कायद्याला हे करावेच लागते; कारण दुसरीकडे कुणीतरी वेदना भोगत असतो. स्वतःचे परीक्षण करतांना मात्र आपण हे माप वापरू नये. काल आपण असेच खाली पाहिले आणि काही झाले नाही, तेव्हाही दोष तेवढाच होता. रस्ता मोकळा होता, एवढेच.

आपल्यापैकी काही जण म्हणतात, ‘त्याचे प्रारब्ध होते.’ घायाळ व्यक्तीने स्वतःचे दुःख सोसण्यासाठी असे म्हटले, तर समजू शकते. चालकाला तो अधिकार नाही. त्याच्यासाठी ते क्रियमाण होते. नजर रस्त्यावर ठेवणे त्याच्या हातात होते.

जमाव हिंसक झाला नसेल, तर घायाळ व्यक्तीला वैद्यकीय साहाय्य मिळवून देणे, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात कित्येक जण वेग वाढवून निघून जातात.

दशरथानेही श्रावणाला मुद्दाम मारले नव्हते. शरयूकाठी अंधारात घागर भरल्याचा आवाज आला, हत्ती पाणी पीत असावा, असे वाटले आणि शब्दवेधी विद्येच्या भरवशावर न पहाता बाण सोडला. तिथे पहाणारे कुणी नव्हते. तरी तो घागर भरून त्या अंध माता-पित्यांकडे गेला आणि ‘बाण माझा होता’, हे त्याने स्वतः सांगितले.