येण्याची परवानगी

भाऊबीजेला ज्याला ओवाळणारी बहीण उरलेली नाही, अशा माणसाने दिवाळी अंकासाठी काय लिहावे? संपादकांनी काहीतरी हलकेफुलके मागितले होते. लिहायला बसलो, तो आक्काच आठवली. आक्का आठवली की तिचा मुलगा आठवतो, आणि तो आठवला की एक प्रश्न पुढे येऊन उभा राहतो. तो प्रश्न आता माझ्या एकट्याचा राहिलेला नाही. आज गावोगाव अशी घरे आहेत, की जिथे नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की सगळी मंडळी फोनभोवती जमतात, आणि पलीकडच्या घरात तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. फराळाची चौकशी होते, नातवंडे दोन शब्द मराठीत बोलून पळतात, आणि शेवटी म्हातारी माणसे न चुकता विचारतात, "केव्हा येणार?" पलीकडून उत्तर येते, "कागद आला की."

हा कागद म्हणजे काय, ते मला बरीच वर्षे कळले नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो, चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांतले एकही पात्र सातारा जिल्ह्याच्या फारसे पलीकडे गेलेले नाही. अमेरिकेशी माझा संबंध भाच्यापुरता. तो २०१० साली तिकडे शिकायला गेला, नोकरीला लागला, आणि २०२० च्या ऑक्टोबरात त्याने कायमच्या रहिवासाचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, अर्ज तिथे राहूनच भरला. आक्काने कराडात पेढे वाटले. अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे आम्हां सर्वांना वाटले. वस्तुतः अडचण तिथून सुरू झाली होती.

नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार माणसांना कायमचे ठेवून घेते. हे १९९० च्या कायद्याने ठरले. त्यांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा साधारण सात टक्क्यांहून अधिक नसावा, असा दंडक आहे. देश चिमुकला असो की भारताएवढा, माप एकच. त्यामुळे आपल्याकडे जन्मलेल्यांची रांग दहा दहा वर्षांची, कधी त्याहूनही लांब. तक्रार करण्यासाठी हे लिहीत नाही. १९४६ च्या कायद्याने तर वर्षाला शंभरच हिंदी माणसांना वाव दिला होता. ती देशोदेशींचे कोटे बांधून देणारी पद्धत १९६५ साली मोडीत निघाली. ज्याचे घर, त्याचे दार; कुणाला केव्हा आत घ्यायचे हे तो ठरवणार.

पण रांगेतल्या माणसाने मध्येच बाहेर जायचे म्हटले तर? त्यासाठी आगाऊ परवानगीचा कागद लागतो. तो न घेता देश सोडला, तर अर्जदाराने आपला अर्ज सोडून दिला असे धरले जाते. काही विशिष्ट व्हिसा ज्यांनी चालू ठेवलेले असतात, त्यांना यातून सूट आहे. भाच्याने मात्र नोकरी बदलताना तो व्हिसा सोडला होता आणि अर्जाबरोबर मिळालेल्या कामाच्या परवान्यावर तो काम करीत होता. त्याच्या बायकोचा अर्जही त्याच्याच अर्जावर उभा. त्याचा पडला की तिचाही पडणार. रांगेतली तारीख तेवढी शाबूत राहते; पण परत जायला नवा व्हिसा, नवा अर्ज, आणि तोवर तिकडचा संसार अधांतरी. परवानगीच्या जुन्या कागदाची मुदत संपली होती. नव्यासाठी अर्ज करून कित्येक महिने लोटले होते.

आणि २०२३ च्या पाडव्यानंतर आक्काला हृदयविकाराचा झटका आला.

नऊ दिवस ती दवाखान्यात होती. मी रोज फोन करी, "निघालास का?" तो म्हणे, "मामा, प्रयत्न करतोय." तातडीचे कारण असेल तर स्वतः कचेरीत जाऊन हा कागद मागता येतो. त्याला मंगळवारची वेळ मिळाली. आक्का रविवारी सकाळी गेली.

दाजींनी अग्नी दिला. त्याआधी भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे पहाट होत होती. तो म्हणाला, "मामा, फोन जरा आईसमोर धरता?" मी फोन बंद करून खिशात टाकला. मला वाटले, ज्याला यायचे नाही त्याला पाहायचा हक्क नाही. हे मी आज प्रथमच कुणाला सांगतो आहे.

मंगळवारी आम्ही राख सावडून प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या पाण्यात सोडली. त्याच मंगळवारी त्याला कागद मिळाला आणि गुरुवारी सकाळी तो दारात उभा राहिला. मी त्याच्याशी बोललो नाही. मात्र मनातल्या मनात त्याच्याशी अखंड भांडत होतो, आणि त्या भांडणातच प्रश्न हळूहळू उलगडत गेला.

त्या परवानगीचे नाव 'ॲडव्हान्स पॅरोल' असे आहे. पॅरोल म्हटले की आपल्याला तुरुंग आठवतो. पण कैद्याचा पॅरोल बाहेर जाण्यासाठी असतो. हा पॅरोल पुन्हा आत येण्यासाठी. बाहेर जायला भाच्याला कुणीच अडवले नव्हते. तिकीट काढून तो त्याच रात्री विमानात बसू शकत होता. कायदा त्याला एवढेच सांगत होता की, जा बापड्या, पण मग परत येण्याची हमी नाही. मला वाटते, तुरुंगापेक्षा हे अवघड आहे. कैद्याची आई गेली तर त्याला दुःख होते, पण अपराधी वाटण्याचे कारण नसते. कुलूप दुसऱ्याच्या हातात असते. इथे दार उघडे असते, आणि उघड्या दारात उभे राहून माणसाला ठरवावे लागते.

शाळेतल्या कोशात मी तो शब्द पाहिला. मूळ फ्रेंच, अर्थ 'शब्द', 'वचन'. पूर्वी लढाईत सापडलेल्या कैद्याने पळून न जाण्याचे वचन दिले, तर त्या वचनावर त्याला मोकळे सोडीत. वचन म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात दुसरे कोण येणार? दशरथाला चार मुलगे. पण प्राण जाताना जवळ एकही नव्हता. राम-लक्ष्मण वनात, भरत-शत्रुघ्न आजोळी. भरत येईपर्यंत देह तेलाच्या द्रोणीत ठेवावा लागला. तरीही रामाला वाईट मुलगा म्हणणारा कीर्तनकार मी ऐकलेला नाही. मग माझ्या भाच्यालाच का म्हणायचे?

पण इथे माझे मन पुन्हा अडले. राम राज्य सोडून गेला होता; हा राज्य मिळवायला थांबला होता. वचन आणि लाभ एका पारड्यात कसे घालायचे?

तेराव्याच्या रात्री दाजींनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "तुम्ही पोराशी बोलत नाही, ते मला दिसतंय. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी आक्कानं त्याला फोनवर शपथ घातली होती. कागद हातात आल्याशिवाय निघायचं नाही म्हणून. तुम्हांला सांगू नको म्हणाली. तुम्ही तिच्यावरच रागावाल म्हणून."

मी खजील होऊन माडीवर गेलो. भाचा आईच्या ट्रंकेपाशी बसला होता. मी म्हणालो, "तुला शपथ घातली होती, हे बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, शपथ आईनं घातली, हे खरं. पण मी ती मोडून आलो असतो, तर ती रागावली असती का? दारात बघून रडलीच असती. बायकोचं आणि मुलीचं काय होईल, हा विचार केला आणि मी थांबलो. कागदानं अडवलं असं मी लोकांना सांगतो. तुम्हांला नाही सांगणार. मी आलो नाही."

मी आलो नाही. हे तीन शब्द ऐकून माझ्या पोटात कालवले. कारण असेच तीन शब्द मला आजवर उच्चारता आलेले नव्हते. माझे वडील गेले तेव्हा मी साठ किलोमीटरांवर होतो. शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा चालू होत्या. घरून निरोप आला होता की तब्येत बरी नाही. संध्याकाळी निघू म्हणालो, आणि दुपारीच दुसरा निरोप आला. पुढे सर्वांना सांगत आलो, "रजा मिळाली नाही." खरी गोष्ट अशी की, रजा मी मागितलीच नव्हती. माझ्या आड ना समुद्र होता, ना कायदा. एक न लिहिलेला अर्ज होता, आणि त्यामागे मी इतकी वर्षे लपून बसलो होतो.

भाच्याने केले ते योग्य की अयोग्य, हे मी आजही सांगू शकत नाही. बायको-मुलीचे ऋण आणि आईचे ऋण यांत मोठे कोणते, याचा निवाडा तिसऱ्याने करू नये, असे मला वाटते. पण एवढे मला कळले की, 'जमले नाही' आणि 'केले नाही' यांत फार अंतर आहे. कागद, कायदा, साहेब, परीक्षा ही कारणे खरी असतात. पण त्यांच्या मागेही निवड आपलीच असते. ती आपली म्हणून जो पदरात घेतो, त्याच्याशी अबोला धरण्याचा अधिकार निदान मला तरी नव्हता.

त्या रात्री मी त्याला स्मशानातल्या फोनची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. उठून त्याने मला पाणी आणून दिले.

आठवड्याने तो परत गेला. कागद हाती असला तरी आत घेतीलच असे नसते. विमानतळावर पुष्कळांना वेगळ्या खोलीत बसवून चौकशी करतात. दाजी आणि मी रात्री फोनपाशी जागे होतो. दोन तासांनी त्याचा आवाज आला, "मामा, आत घेतलं." मी म्हणालो, "बरे झाले." दाजी उठून झोपायला गेले.

त्याचे कार्ड अजून आलेले नाही. या भाऊबीजेला त्याचा फोन येईल. "केव्हा येणार?" असे मी विचारणार नाही. कागदाची मुदत केव्हा संपते, ते विचारीन, आणि संपण्याच्या बऱ्याच आधी नवा अर्ज टाक म्हणून सांगेन. दाजींचे वय आता सत्तरीकडे झुकले आहे.