दुसरी फळी

घराणे कशाने टिकते, हा प्रश्न चंद्रपुरात राहणाऱ्या माणसाला पोथ्यापुराणांत शोधावा लागत नाही. बाजारात जाता-येता जटपुरा दरवाजाखालून जावे लागते, आणि तो प्रश्न तिथे उभाच असतो. गोंड राजांनी शहराभोवती घातलेला परकोट अजून बराचसा उभा आहे. ज्यांनी तो घातला त्यांचे राज्य मात्र 1751 साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले. भिंत राहिली, घराणे गेले. तेव्हा नुसत्या भक्कम बांधकामाने घराणे टिकत नाही, एवढे तरी उघड आहे.

राजघराण्यात वारस रक्ताने ठरतो. परंतु रक्ताचा संबंध नसलेलीही घराणी असतात. गवयांची असतात, तालमींची असतात. आणि खेळातली पाहायची तर मुंबईच्या क्रिकेट संघाइतके मोठे घराणे आपल्या देशात दुसरे झाले नाही. 1958-59 च्या हंगामापासून 1972-73 पर्यंत ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे राहिला. 2023-24 पर्यंत या संघाने तो बेचाळीस वेळा जिंकला. पंधरा वर्षांत शाळेत जाणारे पोर बापाच्या खांद्याला लागते. तेवढ्या काळात संघातली माणसे बदलली, कर्णधार बदलले. जिंकणे बदलले नाही. हे कसे घडले असेल?

मोठमोठ्या खेळाडूंमुळे, हे उत्तर चटकन तोंडावर येते. पण 1971 साल आठवावे. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर ही मुंबईची मातबर मंडळी तेव्हा भारताकडून खेळायला वेस्ट इंडीजमध्ये होती. इकडे रणजीचा अंतिम सामना आला. सुधीर नाईक यांच्या हाताखाली उरलेली मंडळी मैदानात उतरली आणि महाराष्ट्राच्या संघाला हरवून करंडक घरातच ठेवून मोकळी झाली. माझ्या मते घराण्याची खरी परीक्षा ती होती. कर्ती माणसे परगावी गेली असताना ज्या घरात वेळेवर दिवा लागतो, ते घर नांदते आहे असे समजावे.

ही दुसरी फळी आभाळातून पडत नाही. मुंबईत शाळकरी पोरांसाठी हॅरिस आणि गाइल्स ढालींचे सामने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. 1948 साली कांगा लीग सुरू झाली, ती तर ऐन पावसाळ्यात. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसा वळेल आणि कसा उसळेल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी कसोटी खेळलेला फलंदाज आणि कालचा कॉलेजकुमार एकाच सामन्यात उभे राहत. मोठ्यांचा खेळ धाकट्यांना हाताच्या अंतरावरून पाहायला मिळे. शिकवण्याचा याहून चांगला वर्ग मला ठाऊक नाही, आणि मी पेशाने मास्तर आहे.

इथवर सारे सुरळीत आहे. अवघड प्रश्न यापुढेच आहे. दुसरी फळी तयार ठेवायची म्हणजे काही गुणी माणसांना वाट पाहायला लावायचे. त्यांच्या आयुष्याचे काय?

पद्माकर शिवलकरांचे उदाहरण घ्या. 1972-73 च्या अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 18 धावांत 5 गडी बाद केले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांचे 589 बळी आहेत. भारताकडून मात्र ते एकही कसोटी खेळले नाहीत, कारण तीच डावखुरी फिरकी टाकणारे बिशनसिंग बेदी त्याच काळात होते. 2025 साली शिवलकर गेले तेव्हा पुष्कळांनी त्यांच्या ‘त्यागा’चे गोडवे गायिले. मला तो शब्द खटकला. त्याग माणूस आपल्या मर्जीने करतो. शिवलकरांना कुणी विचारले होते? ज्यांच्या वाट्याला काही आले नाही त्यांना त्यागी म्हणून मोकळे होणे, ही पोटभर जेवलेल्यांची सोय आहे.

अमोल मुजुमदारांचीही गोष्ट अशीच आहे. 1988 साली शालेय सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हा मुलगा पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजीतल्या पहिल्याच सामन्यात त्याने 260 धावा केल्या, तरी भारताच्या संघाचे दार उघडले नाही. तो मुंबईसाठी खेळत राहिला. 2006-07 साली कर्णधार म्हणून त्याने करंडकही आणला. आणि 2025 च्या नोव्हेंबरात भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. हे न्याय मिळाल्याचे उदाहरण म्हणून मी सांगत नाही. प्रत्येक वाट पाहणाऱ्याला असा नोव्हेंबर भेटत नाही. सांगायचे ते इतकेच, की मुंबईने त्याला बाकावरचा पाहुणा मानले नाही. त्याला बॅट दिली, संघ दिला, घर आपले मानण्याइतके काम दिले. वाट पाहायला लावणाऱ्याने एवढे देणे लागतेच. ते देणे ज्या दिवशी थांबते, त्या दिवसापासून घराणे पोखरू लागते. मग कपाटात ढाली कितीही असोत.

आमच्या रानात सागाची एक गोष्ट प्रत्येक गुराख्याला ठाऊक असते. सागाच्या रोपाला ऊन लागते. दाट सावलीत ते खुरटते. म्हणून नुसती जुनी झाडे जपून सागवन टिकत नाही. रोपापर्यंत ऊन पोचेल एवढी जागा मोकळी व्हावी लागते. माणसांतल्या थोरांना हे झाडांपेक्षा जड जाते खरे. पण वसीम जाफर मुंबईतली कारकीर्द आटोपून विदर्भाकडे आले, मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले, आणि 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या आपल्या विदर्भाने साठ वर्षांनी, 2017-18 साली, पहिला करंडक उचलला. पुढच्या वर्षी दुसरा, 2024-25 साली तिसरा. त्या तिसऱ्या वेळी उपांत्य सामन्यात हरवले ते मुंबईलाच. घराण्याची विद्या घराबाहेर गेली म्हणून आटत नाही, ती अशी वाढते.

विदर्भाचे आता घराणे झाले का, असे मुले मला वर्गात विचारतात. तीन करंडकांवरून ते ठरवू नये असे मी म्हणतो. ते सिरोंच्यावरून ठरवावे. तिथून नागपूर गाठायला सारा दिवस मोडतो. तिथल्या एखाद्या पोराच्या हातात चेंडू वळत असेल, तर त्याला पावसाळ्यात खेळायला सामना आहे का, शेजारी उभे राहून शिकवायला कुणी मोठा आहे का, आणि पाळी येईपर्यंत तू आमचाच आहेस असे सांगणारे कुणी आहे का? या तिन्ही प्रश्नांना होकार मिळेल, त्या वर्षी करंडक हरलो तरी मी मुलांना सांगेन की घराणे झाले.