दिल्ली–चेन्नईच्या वाटेवर, वरूड

धुऱ्यावर बसा. संत्र्याच्या फांदीला धक्का लावू नका. आंबियाचा बहार नुकता फुललाय.

फेब्रुवारीची रात्र आहे. ताण तोडलेल्या बागेत पाणी आळ्यांतून मुरतंय.

श्वास आत घ्या. फुलांचा वास त्याच्याबरोबर आपसूक येतो. सावकाश सोडा.

आता वर बघा. उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ आहे. तिच्या जरा वर नजर थांबू द्या.

थांबा.

एक दिवा येतोय. ताऱ्यासारखा लुकलुकत नाही, ठरल्या तालात उघडझाप करतो.

ते विमान दिल्लीहून चेन्नईला निघालंय, असं धरून चालू. दोन्ही शहरांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती सुमारे १,७५० किलोमीटर भरते आणि वरूडच्या थोडी पूर्वेकडून जाते. आठशे किलोमीटर मागे दिल्ली, साडेनऊशे पुढे चेन्नई. तिकिटावर पावणेतीन तासांच्या आसपास वेळ असतो. जवळच्या नरखेडवरून जाणाऱ्या रेल्वेला एवढ्याच प्रवासाला दीड दिवसाच्या आसपास वेळ लागतो.

आकडे इथंच ठेवू.

दिवा डोक्यावर येतो. बघत राहा. घाई नको.

आता घरघर ऐकू येते. डोळे मिटा. आवाज जिकडून येतो तिकडे बोट करा. बोट तसंच धरा आणि डोळे उघडा.

बोटापुढे नुसतं आभाळ आहे. दिवा केव्हाच पुढे गेलाय.

विमान दहा किलोमीटर उंचावर आहे. तिथला आवाज खाली उतरायला अर्धं मिनिट घेतो, आणि तेवढ्यात विमान सात-आठ किलोमीटर दक्षिणेला सरकतं. कानात आहे ते मघाचं विमान. डोळ्यांत आहे ते आत्ताचं.

या दोहोंच्या मधल्या मोकळ्या आभाळात नजर ठेवा. तिथंच राहा. एक श्वास. आणखी एक.

वर कुणी झोपलंय. कुणी खिडकीला कपाळ लावून बसलंय. त्याला वरूड म्हणजे दिव्यांचा एक पुंजका. गावाचं नाव त्याला ठाऊक नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. एसटीतून जाताना आपणही किती गावं अशीच मागे टाकतो.

कधीकाळी विमानं मधल्या गावासाठी थांबायची. १९४९ साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून निघून ती मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, टपालाची पोती एकमेकांत बदलायची आणि आपापल्या शहरी परतायची. त्या पोत्यांतली पत्रं आठवून बघा. कुणाच्या तरी हातचं अक्षर, अंधारात, नागपूरच्या धावपट्टीवर.

पुन्हा ऐका. घरघर बारीक होतेय. ती जाईल तिथवर कान जाऊ द्या. संपली असं वाटलं तरी थोडं थांबा. अजून आहे.

जवळच्या फांदीवरचं एक फूल बघा. पांढरं, जाड पाकळ्यांचं. त्याचं संत्रं उतरायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडेल, तेही गळ झाली नाही तर.

बसून राहा. परतीचं विमान दक्षिणेकडून येईल, चेन्नईहून दिल्लीला. या खेपेला आधीच डोळे मिटून घ्या. आवाज आला की मग उघडा, आणि नजर कुठं टाकायची ते तुम्हीच ठरवा.