जुन्या गाडीतील नवी गादी

जुन्या मोटारीचे इंजिन दुरुस्त करताना कारागिराच्या कौशल्याची कसोटी लागते. तिचे अंतरंग पूर्ववत करताना मालकाच्या विवेकाची. इंजिन चालते किंवा चालत नाही. परंतु गादीचे रेक्झीन, छताचे अस्तर, दारांच्या आतील पाट्या, काच वर-खाली करण्याचे हँडल, वेगमापकाची तबकडी या गोष्टी नव्या असूनही जुन्या भासू शकतात. असणे आणि भासणे यांतील अंतर जेथे सहज झाकता येते, तेथे नीतीचा प्रश्न उभा राहतो.

फियाट ११०० चे उदाहरण घेऊ. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तिचे ‘डिलाइट’ हे रूप तयार होऊ लागले. पुढच्या दशकात तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले, या शतकाच्या आरंभी उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली. इतकी वर्षे ती बनत राहिल्याने यंत्राचे भाग शोधता येतात. अंतर्भागाचे तपशील मात्र काळानुसार बदलत गेले. मग मालकापुढे तीन वाटा उरतात : भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचा भाग मिळवणे, नवा घडवून घेणे, किंवा फाटके तसेच सांधून वापरणे.

पहिल्या वाटेवर सातवी आज्ञा उभी आहे. जुन्या भागांच्या बाजारात एखादे दुर्मीळ हँडल स्वस्तात हाती लागले, तर ते कोठून आले हे विचारण्याचा मोह आपल्याला होत नाही. मोह होतो तो न विचारण्याचा. परंतु चोरीचा माल विकला जातो, तो घेणारा असतो म्हणूनच. शिवाय जी गाडी अजून चालू शकली असती, तिला आपल्या चार वस्तूंसाठी मोडावयास लावणे हे जतन नव्हे. मृताचे नेत्र दुसऱ्याला देणे पुण्याचे आहे. त्यासाठी मृत्यूची घाई करणे नाही.

दुसऱ्या वाटेवर आठवी आज्ञा आहे. खोटी साक्ष केवळ शब्दांनीच दिली जाते असे नाही. नवे रेक्झीन घासून, डागाळून, साठ वर्षांचे भासवले, तर ती गादी खोटी साक्ष देते. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार करताना घोड्याचा दाखला दिला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते उणेपण उघडच दिसते. विकणाऱ्याने त्या मानाने किंमत कमी घेतली की तो ते बोलून दाखवण्यास बांधलेला नाही. मात्र ज्या छुप्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल, तो सांगणे त्याचे कर्तव्य आहे. फाटकी गादी हा तो एकाक्ष घोडा होय. ती कोणाला फसवीत नाही. बेमालूम बसवलेली नवी गादी मात्र, मालक मौन राहिला तर, फसवू शकते.

यावर कोणी म्हणेल, कारागिराने तेच माप, तोच पोत, तीच शिवण साधली, तर खऱ्या-खोट्याचा भेद कशाला? अक्वायनस यांनी असाच प्रश्न किमयेच्या सोन्याविषयी विचारात घेतला आहे. किमयेने खरोखरीचे सोने निर्माण झाले, तर ते खरे म्हणून विकण्यात दोष नाही, असे ते सांगतात. मग नवी गादी बसण्यासाठी खरी आहेच. परंतु जुन्या गाडीची किंमत केवळ बसण्यासाठी दिली जात नाही. ज्या आसनावर नववधू चर्चमधून घरी आली, ज्यावर आजारी आईला मध्यरात्री इस्पितळात नेले, त्या आसनात एक गुण असतो, आणि तो कोणत्याही कारागिराला घडवता येत नाही. तो गुण आहे असे सांगून जो किंमत घेतो, तो पितळ सोने म्हणून विकतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. सांगाडा, बाह्य कवच व इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, अशी त्यांची अट आहे. गादीचा निवाडा सदसद्विवेकबुद्धीवर राहतो. तिला एक जुना मार्गदर्शक उपलब्ध आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने प्राचीन वास्तूंविषयी सांगितले, की नवा भाग मूळ वास्तूशी सुसंगत असावा, तरीही तो वेगळा ओळखता यावा. एरवी दुरुस्तीच इतिहासाला खोटे पाडते.

हे मोटारीलाही करता येते. जुने कव्हर ओरबाडून काढू नये. शिवण उसवून त्याचे तुकडे नव्याच्या मापासाठी वापरावेत आणि नंतर जपून ठेवावेत. दाराच्या नव्या पाटीच्या मागल्या बाजूस वर्ष व कारागिराचे नाव लिहावे. गाडी दुसऱ्याच्या हाती जाईल, तेव्हा ते तुकडे आणि ती नोंद तिच्यासोबत जावी. या प्रामाणिकपणाने किंमत थोडी उतरेल. तेवढे मोल सत्याला द्यावेच लागते.

आपण ख्रिस्ती माणसे पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो. उठलेल्या प्रभूचे शरीर नवे होते, तरी त्यावर खिळ्यांचे व्रण होते, आणि प्रेषित थॉमसला प्रभूने तेच दाखवले. नवे होण्यासाठी जखमा पुसाव्या लागत नाहीत, एवढे त्या व्रणांवरून आपल्याला कळावयास हरकत नाही.