प्रसादाला तोंड उघडेना
॥ जय गुरुदेव ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर पेढे वाटत होतो. आपल्यातल्याच एका घरचा मुलगा पेढ्याचे बारीक तुकडे करून एकेक तोंडात सरकवत होता. आम्ही हसलो, "अरे, लाजतोस काय? आ कर की!" त्याची आई हळूच म्हणाली, "त्याचं तोंडच उघडत नाही हो." दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. वय २४. शाळेपासून पुडीची सवय. (आईला विचारूनच हे लिहितोय.)

आम्ही गप्प झालो. महाप्रसादानंतर सुपारीचं तबक कोण फिरवतं? आपणच ना? पहाटे मशेरी लावून जपाला बसणाऱ्या आजी आपल्याच घरात आहेत. मग दोष एकट्या पोराला कसा द्यायचा?

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात घट्ट होत नाहीत, उलट हिरड्या दात सोडतात. सुपारीने गाल आतून पांढरट, ताठ होतात. आधी तिखट झोंबतं, मग तोंड लहान होत जातं, पुढे कॅन्सरही होऊ शकतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगितलंय. ब्राऊन शुगरसारख्या नशेत तर लाळ आटते, दात किडतात आणि नशेमुळे ठणकाही कळत नाही.

सद्गुरूंनी दिलेलं नाम याच मुखाने घ्यायचं आहे. ते मुख सांभाळणं हीसुद्धा सेवाच.

म्हणून ठरवलंय: पूजेची सुपारी देवापुढेच राहील, तबकात बडीशेप येईल. आपणही या रविवारी घरातल्या सगळ्यांची तोंडं उजेडात बघा. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दाताच्या डॉक्टरांकडे जा. कुणाला व्यसन असेल तर ओरडू नका. ओरडलं की पोर पुडी लपवतं, सोडत नाही. शेजारी बसून फोन लावा. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६, इतर नशेसाठी १४४४६. दोन्ही मोफत.

त्या मुलासोबत सोमवारी दोन गुरुबंधू डॉक्टरांकडे गेले होते. पुडी बंद केलीय, तोंड उघडायचा व्यायाम सुरू आहे. त्याच्यासाठी रोज एक माळ जपूया. आणि पुढच्या गुरुवारी त्याला कुणी काही विचारू नका, फक्त जवळ बसवून घ्या.

जय गुरुदेव 🙏