पाहणाऱ्याचा अपराध

बेन एल्टन या इंग्रज लेखकाच्या ‘डेड फेमस’ (२००१) या उपहासगर्भ कादंबरीत दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी एका घरात कोंडलेल्या स्पर्धकांपैकी एका तरुणीचा खून कॅमेऱ्यांच्या देखत होतो. कार्यक्रम थांबत नाही. प्रेक्षक मात्र वाढतात. हा उपहास पाहणाऱ्यांवर रोखलेला आहे. परंतु रहस्यकथेला एकच गुन्हेगार हवा असतो. अखेरीस निर्मातीच खुनी ठरते आणि पाहणारे सारे निर्दोष सुटतात. उपहासाची धार अशा रीतीने आकृतिबंधच बोथट करतो.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात ही सुटका नाही. लीला बेणारेवरील अभिरूप खटल्यात क्रौर्य सर्वांचे असते, आणि ‘हा तर खेळ’ ही पळवाटही सर्वांचीच.

ही पळवाट रसिकत्वाचे सोंग घेते. साधारणीकरणाच्या सिद्धान्तानुसार रसिक व्यावहारिक कर्तव्यातून मुक्त असतो, कारण समोरचे दुःख कोणा एका व्यक्तीचे राहिलेले नसते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘बिग बॉस मराठी’सारख्या कार्यक्रमांत मात्र माणसे खरी असल्याची ग्वाही दिली जाते, प्रेक्षक मतदानही करतो, आणि तरीही रसिकाची मुक्तता अपेक्षितो. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. समोरची व्यक्ती खरी असेल, तर पाहणे हीदेखील कृतीच ठरते.